सतरावा कागद

मस्कतला जायची यादी मी मुलीच्या दुरेघी वहीत केली होती, कारण त्या दिवशी घरात दुसरा कोरा कागद नव्हता. एकूण सोळा कागद. आमचे पासपोर्ट, माझा नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, तिचं लशींचं कार्ड आणि असंच पुढे. कागद हातात आला की त्याच्यापुढे बरोबरची खूण. वॉर्डात तीस-तीस पेशंटांची औषधं मी अशीच लिहून सांभाळत होते आणि कधी एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. कागदांचं काय एवढं, असं मला वाटलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. परळच्या सासरच्या एका खोलीतून निघून आम्ही शहराबाहेर पेणकरपाड्याजवळच्या नव्या इमारतीत आलो त्याला दोन वर्षं झाली होती. दोन खोल्या, बाल्कनी, आणि टँकर आला की जिन्यात बादल्यांची रांग. घर मोठं झालं आणि हॉस्पिटल लांब गेलं. सकाळची ड्यूटी असली की मी निघताना मुलगी झोपलेली असायची, दुपारची असली की मी परतताना झोपलेली असायची. तिचा बाप ऑफिसातून येईपर्यंत ती समोरच्या बेनकडे. या बेन भावनगरकडच्या, स्वतःची दोन मुलं असून हिचंही सगळं प्रेमाने करायच्या. एकदा मी मुलीला घ्यायला गेले तर हसत म्हणाल्या, "आज इसने मेरे को मम्मी बोल दिया." मीही हसले. घरी येऊन पोळ्यांची कणीक मळली आणि ती फार घट्ट झाली.

त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या उत्तनच्या नर्सने मला तिच्या बहिणीचं पत्र दाखवलं. ही माझ्याच वयाची, मोठ्या आवाजाची, दोन मुलांची आई. बहीण मस्कतच्या एका हॉस्पिटलात होती. तिथे नर्सेस हव्या होत्या, कुटुंबासकट घेत होते आणि राहायच्या खोल्या हॉस्पिटलच्या कुंपणाला लागूनच होत्या. 'वॉर्डाच्या खिडकीतून पोरं खेळताना दिसतात,' असं तिने लिहिलं होतं. ते वाक्य मी परत वाचून घेतलं.

"मी तिथे काय करू?" यांनी विचारलं.

"आधी सहा महिने मुलीकडे बघा. मग काम शोधा."

"म्हणजे मी बेन."

"हो, तुम्ही बेन."

एवढं बोलून ते तयार झाले. मुलीला मी खिडकीचं सांगितलं. तिने कापडी पिशवीत बाहुली, कंपासपेटी आणि लाल फ्रॉक भरला. लाल कशाला, तर लांबून चटकन दिसतो. पिशवी पलंगाखाली गेली आणि रोज संध्याकाळी ती यादी उघडून कितीला खूण झाली ते मोजू लागली.

सोळा खुणा झाल्या तेव्हा मी फाईल घेऊन फोर्टातल्या एजंटाकडे गेले. उत्तनची बरोबर होती. तिची फाईल त्याने दोन मिनिटांत बाजूला ठेवली. माझी मात्र तो उलटीसुलटी करत राहिला. शेवटी त्याने टेबलावर दोन गठ्ठे केले.

"मॅडम, ये तो दो औरतें हैं."

मला कळेना. मग त्याने एका गठ्ठ्यावर हात ठेवला. "ये डिप्लोमावाली, ये नर्स है. इसको बच्ची नहीं." दुसऱ्यावर ठेवला. "बच्ची इसकी है. ये नर्स नहीं."

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण नावही बदलतात. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवीन नाव लिहायचं, पेढे वाटायचे. त्या दिवसापासून सासरी तेच. माझं यांनी स्वतः शोधून ठेवलेलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. हॉस्पिटलात मी ते कधी कळवलं नाही. तिथे सगळे मला सिस्टरच म्हणायचे, गरज पडली नाही. सासूबाईंनी रेशनकार्डात नवीन नाव घातलं, यांनी मुलीच्या जन्मदाखल्यात घातलं, आणि मी स्वतः, माझ्या हाताने, रेशनकार्ड दाखवून पासपोर्ट काढला. सोळाच्या सोळा कागद मी एकेक करून तपासले होते. कुठलेही दोन शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

एजंटाने तोडगा सांगितला. "मायके के नाम पे नया पासपोर्ट बनाओ, सिंगल में निकल जाओ. फॅमिली का बाद में देखेंगे."

"बाद में कैसे? बच्ची के दाखले पे माँ तो दूसरी है."

त्याने दोन्ही गठ्ठे परत फाईलमध्ये सरकवले. "वो भी है," म्हणाला.

बाहेर आल्यावर उत्तनची मला झापू लागली. "नवरा बदलायचा सोडून नावं कसली बदलता गं तुम्ही लोक? आमच्यात न्हाय बदलत बाय. बाप्तिस्म्याला ठेवलं ते मरेपर्यंत हाय." मग माझं तोंड बघून तिने मला चहा पाजला.

दुसरा रस्ता गॅझेटचा होता. जुनं नाव आणि नवं नाव सरकारी राजपत्रात छापून आलं की दोघी एक. यादीत मी सतरा नंबर घातला. पण त्यासाठी लग्नाचा दाखला हवा, आणि लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. आमच्या ओळखीत कोणीच केली नव्हती. नोंदणीला पत्रिका हवी, साक्षीदार हवेत, भटजींची सही हवी.

पत्रिकेसाठी परळला गेले. सासूबाई म्हणाल्या, "नावावरून नोकरी अडते? आमच्या कोणाच्या नाही अडल्या त्या."

"आई, तुम्ही नोकरी केली कुठे?"

"तेच म्हणतेय मी."

पण त्यांनीच पलंगावर चढून माळ्यावरची ट्रंक काढली. पत्रिकेवर माझं माहेरचं नाव होतं, कारण ती छापताना दुसरं नव्हतंच. मग अल्बममध्ये त्यांना तो फोटो सापडला. तांदळाचं ताट, त्यात नवीन नाव, अक्षर न् अक्षर लागतं, कडेला यांचं बोट. "हा घे पुरावा," त्या म्हणाल्या. मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन आम्ही दोघं वकिलाकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"फोटो सुंदर आलाय ताई. पण तांदळावर सही-शिक्का कुठे आहे?"

"मी लिहिलंय ते. मी सांगतोय ना!" हे चिडले.

"तेच स्टॅम्पपेपरवर सांगा."

भटजींना आम्ही तीन आठवडे परळ-लालबागमध्ये शोधलं. ते मुलाकडे काशीगावला राहायला आले होते, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. त्यांनी सही केली, आशीर्वाद दिला, आणि दाखला मिळून गॅझेटचा अर्ज गेला तोवर उत्तनच्या नर्सचा व्हिसा आला होता.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. नंबर लागला की छापून येईल, असं सांगितलं होतं. कोणाची चूक नव्हती, कोणाशी भांडावं असं कोणी नव्हतं. मी फाईल काढायचे, कागद सरळ करायचे, परत ठेवायचे. घरातल्या डब्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. मुलगी रोज विचारायची, "सतराला खूण झाली?" मी म्हणायचे, अजून नाही. ती ठीक आहे म्हणायची आणि वही बंद करायची. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

उत्तनची गेली त्याच्या आदल्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना केक वाटत होती. माझ्यापाशी आल्यावर तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "मी तुझ्यासाठी खोली बघून ठेवते," म्हणाली. मी तिला तिच्या मुलांच्या औषधांची यादी करून दिली.

गॅझेट आलं तेव्हा पावसाळा संपून गेला होता. हे प्रत घेऊन आले. एका पानावर शेकडो नावं, बारीक छपाई, त्यात आमची एक ओळ. जुनी मी, नवी मी, मध्ये काहीच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून एजंटाला फोन लावला. त्याने नीट ऐकून घेतलं. हॉस्पिटलच्या खोल्या भरल्या होत्या. नव्या नर्सेसना आता कुटुंब नेता येणार नव्हतं. "सिंगल में जाना है तो बोलो मॅडम. अब तो पेपर एकदम क्लिअर है."

मी नाही म्हटलं आणि घरी आले. मुलगी वही घेऊन दारातच उभी.

"बाबांनी आणला ना सतरावा?"

"आणला."

"मग खूण कर."

कागद तर आला होता. वॉर्डात मी कधी खोटी खूण केली नव्हती, आणि ही खोटी नव्हती. तिने पेन हातात दिलं, मी खूण केली. ती पळत आत गेली. पिशवी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा अंगात लाल फ्रॉक होता, गुडघ्याच्या बराच वर गेलेला, आणि पायात सँडल.

मी यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. त्यांची अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती आणि माझी दुपारची ड्यूटी होती. दहा मिनिटांत निघायचं होतं. तेवढ्यात सांगून होईल असं ते नव्हतं. मी तिचा हात धरला आणि पिशवीसकट तिला समोर घेऊन गेले.

बेननी दार उघडलं. "अरे वा, लाल परी! कहाँ चली?"

"मस्कत," ती म्हणाली, आणि सँडल न काढता त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसली.