होडीतला हिरवा गालिचा

आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस उरले होते आणि मी भर उन्हात, तापीच्या काठावर, एका जुन्या होडीत गुडघे टेकून गालिचा चिकटवत होतो... हो, होडीत! नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. अमळनेरला कॉलेजात लॅब असिस्टंट होतो, सुट्टीत गावी आलो होतो.

खरं कारण माझी अक्का. लहानपणी आम्ही बहीणभाऊ उन्हाळाभर तापीच्या डोहावर पडीक असायचो. पण तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि लाकडी फळीवर दहा मिनिटं बसणंही तिला जमेना. आखाजीला ती माहेरी आली की तिला होडीतून फिरवायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

होडी दगडूआबांची. नजर अधू झाली म्हणून त्यांनी मासेमारी सोडली आणि होडी मला दिली. अट एकच... ते 'हो' म्हणतील तेव्हाच ती डोहात न्यायची.

फटींत डांबरात भिजवलेला कापूस ठोकून भरला, रंग दिला. मग कॉलेजच्या हॉलमधून काढून टाकलेला, मागे रबराचा थर असलेला हिरवा गालिचा आणला. तो तळाच्या फळ्यांवर आणि बसायच्या पाटावर चपलांच्या सोल्युशनने चिकटवला. कडा मुडपून बारीक खिळे ठोकले, वर ॲल्युमिनियमची पट्टी... फिनिशिंग असं की मीच माझ्यावर खूश!

आबा आले. अनवाणी आत उतरले, दोन पावलं चालले आणि थांबले. "भाऊ, हाई नाव शे का सोफा?"

मला वाटलं, होडीला सोफा म्हणून कौतुकच करताहेत. पण ते पुढे म्हणाले, "पायले ओलं लागनं का समजस, पानी कोठून ई राह्यनं. तू ते बठ्ठं झाकी टाकं. उखाडी टाक!"

पाणी कुठून येतंय ते पायाला कळतं आणि मी ते सगळंच झाकलं म्हणे! माझं डोकंच फिरलं. चार दिवसांची मेहनत! हट्टाने मी होडी काठालगतच पाण्यात लोटली आणि तासभर तरंगत ठेवली. वरून गालिचा कोरडा ठणठणीत...

मोठ्या ऐटीत एक कोपरा उचकटला, तर खाली फळी चिंब आणि सांध्यातून पाणी झिरपतंय. अक्काला घेऊन मी अशाच होडीतून डोहाच्या मध्यावर गेलो असतो!

तळाचा सगळा गालिचा निमूटपणे उखडला, सांधा पुन्हा बुजवला. आबांनी पाटावरचाही सोडवायला लावला, ओला झाला तर काढून वाळवता यायला हवा ना... पण कडांचे दोरे सुटायला लागले आणि मी हात टेकले.

मग आबा घरून जाळं विणायची सुई आणि नायलॉनचा दोरा घेऊन आले. दुहेरी घडी घालून चारही कडा जाळ्याच्या गाठींनी बांधून काढल्या, पाटाला बांधायला बंद लावले. सुईकडे बघतही नव्हते, सगळं बोटांनीच चाललं होतं. शेवटी मान हलवली... "आते जाऊ दे पानीमा."

आखाजीच्या संध्याकाळी अक्का त्या पाटावर बसली. वल्हं आबांच्या हातात, डोह त्यांना पाठ होता. मी मात्र दर पाच मिनिटांनी अक्काच्या तोंडाकडे बघत होतो, कळ आली का म्हणून...

तासाभराने काठाला लागलो. मी हात पुढे केला, तर ती उठेचना. लहानपणीसारखी हटून म्हणाली, "अजून एक चक्कर!" आबा हसत हसत पुन्हा वल्हं मारायला लागले.

आबा आता नाहीत. माझ्या छान दिसणाऱ्या कामाला तोंडावर 'उखडून टाक' म्हणणारा माणूस वेळेवर भेटला, म्हणून अक्काची ती दुसरी चक्कर झाली... फार उपकार आहेत हो आबा, तुमचे.