सुईची टोपी

उभ्या कोल्हापुरात सगळी दारं कोपराने उघडणारा माणूस एकच: आमच्या रक्त तपासायच्या लॅबमधले जुने टेक्निशियन, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. लॅबचं दार एकवेळ समजू शकतं. पण बँकेचं, सलूनचं, एवढंच काय, मुलीच्या लग्नात कार्यालयाचं दारही त्यांनी कोपरानेच ढकललं. व्याही गळाभेटीला पुढे आले, तर मामांनी आधी विचारलं, "पावणं, हात धुतलं न्हवं?" एकदा गडहिंग्लजच्या एका पेशंटने प्रेमाने खरवस आणला आणि काउंटरवरच्या ताईंनी तो रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवला. मामांनी डबा बघितला, डोळे मिटले आणि डब्यासकट खरवस कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत सोडला. आम्ही सुतक असल्यासारखे उभे. पुढे उचगावला त्यांची स्वतःची म्हैस व्याली, तेव्हा ते पातेलंभर खरवस घेऊन आले आणि आम्हाला बाहेर पायरीवर बसवून, एकेकाचे हात तपासून, त्यांनी तो वाढला.

"वापरलेल्या सुईला परत टोपी घालू नगंस," हे ते मला दिवसातून वीसदा सांगायचे. मी नवी होते. एका दुपारी रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज गुणगुणत होतं, टेबलावर ऊन लोळत होतं, माझे डोळे जड झाले होते आणि हातांनी आपणहून सुईला टोपी घालायला घेतली. सुई बोटात शिरली.

मामा धावत आले. माझा ग्लोव्ह ओढून काढला आणि बोट नळाखाली धरलं. त्यांचे स्वतःचे हात उघडे होते.

"मामा, तुमचे ग्लोव्हज!"

"गप की. साबण लाव. दाबू नगंस, पानी पडू दे."

ती सुई ज्या पेशंटला टोचली होती, त्याच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत ते शेजारी बसून राहिले. म्हैस पंचगंगेतून बाहेर आली की तिच्या पाठीवर ऊन कसं थरथरतं, ते हळू आवाजात सांगत होते. मी भीतीने गार पडले होते, तरी ती म्हैस मला दिसत होती. रिपोर्ट चांगला आला. पुढे काही महिन्यांत माझे स्वतःचे रिपोर्टही सगळे चांगले आले. पण त्या दुपारी, तो पहिला रिपोर्ट हातात पडताच, मामा उठले आणि तासभर माझ्यावर ओरडले.

आता ते निवृत्त झालेत. गेल्या महिन्यात साखर तपासायला आले, दार कोपरानेच उघडून. हात वाळला होता, शीर लवकर सापडेना. रक्त घेऊन झालं, तसे मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "टोपी घातली न्हाईस न्हवं?"

"नाही, मामा."

मी सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली. फार वाटलं, ग्लोव्ह काढून तो हात थोडा वेळ धरावा. पण ते रागावले असते. म्हणून ग्लोव्ह घालूनच धरला.