मिस्त्रीचा कान

"चूप राहा. तेल काय म्हणते, आयकू द्या." वणीच्या टॅक्सी स्टँडमागचा आमचा मिस्त्री एवढं बोलायचा, स्टोव्हवर तापलेल्या लोखंडी पळीत गिअरबॉक्समधल्या तेलाचा थेंब टाकायचा आणि डोळे मिटून मान तिरपी करायचा.

तुम्ही आमच्याकडचे रपटे, म्हणजे नाल्यावरचे ठेंगणे पूल, पाहिले असतील. वाहत्या पाण्यातून गाडी काढली की कधीकधी गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. जास्त शिरलं तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं, ते कोणीही ओळखेल. थोडं असलं तर रंगावरून कळत नाही, पण पळीत थेंब फोडणीसारखा तडतडतो. तेव्हाच ओळखलं तर तेल बदलून भागतं, नाहीतर गिअर खलास.

मी पांढरकवड्याची काळी-पिवळी चालवतो. चालवतो कसली, कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खातो. जीव कंटाळला की मिस्त्रीकडे जाऊन बसायचो. एकदा थेंब चांगला तडतडला आणि हा गाडीवाल्याला म्हणाला, काही नाही, घेऊन जा. मी त्याचा दंड धरला, म्हटलं, अहो, तडतडलं ना! तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला.

मग त्यानं तेल बदलायला घेतलं आणि गाडीवाला चहाला गेल्यावर हळूच म्हणाला, "मले आयकू येत नाही आता, भाऊ. कानात मशीन दिसली तर कोण येईन इथं? कोणाले सांगू नको."

मग आमचं ठरलं. तडतडलं की मी नाक खाजवायचं. मिस्त्री आता एकच डोळा मिटू लागला. एकदा माझ्या नाकावर खरोखरच माशी बसली आणि आर्णीच्या एका भल्या माणसाच्या गाडीतलं चांगलं तेल वाया गेलं. मिस्त्रीनं पदरचं तेल भरून दिलं. माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

हिवाळ्यात तो गेला. कब्रस्तानातून परतताना जो तो म्हणत होता, काय कान होता मिस्त्रीचा! मी नुसती मान हलवली. फार एकटं वाटलं मला तेव्हा. पुढे त्याच्या बायकोनं ती पळी माझ्याच हाती दिली. तिला ठाऊक असावं.

परवा केळापूरच्या बाजूला मी पाण्यातून गाडी काढली. दुसऱ्या दिवशी गिअर कुरकुरायला लागले. नव्या गॅरेजवाल्यानं तेलाचा रंग पाहून सांगितलं, चांगलं आहे. माझं मन मानेना. घरी गॅसवर पळी तापवली, थेंब टाकला.

तडतडला.

माझं बोट आपोआप नाकावर गेलं आणि मी वर पाहिलं. समोर स्वयंपाकघराची भिंत होती. बोट मी तरी थोडा वेळ तसंच ठेवलं.