काकांचा चिनी शब्द

एका शब्दापायी माणूस किती वेडा होऊ शकतो हे पाहायचं असेल, तर श्रीवर्धनला येऊन आमच्या शेजारच्या सुपारीवाल्या काकांना भेटावं. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ सकाळी वाडीला पाणी लावतो आणि पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून मोबाइलवरून चिनी शिकतो. "विहीणबाईंकडे बघून नुसतं हात जोडून किती वर्षं हसायचं हो?" हे त्याचं कारण. मुलगी नोकरीला चीनमध्ये गेली, तिने तिथल्याच मुलाशी लग्न केलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दुभाष्याचं काम तिच्याकडे.

गेल्या थंडीत काकांना ‘छ्येन-क्वा’ हा शब्द सापडला आणि आमच्या आळीची शांतता संपली. पहिलं अक्षर ओढण्याचं, दुसरं टांगण्याचं. मिळून माणसाची लागून राहिलेली काळजी. "म्हणजे आपला जीव टांगणीला लागतो तेच की! त्यांना कसं कळलं?" हे त्यांनी मला कुंपणावरून तीनदा विचारलं. मग दुरुस्तीला टाकलेल्या स्कूटरची छ्येन-क्वा, आंब्याच्या मोहोराची छ्येन-क्वा, आणि सगळ्यात जास्त अंगणात वाळत घातलेल्या सुपारीची. एवढासा ढग दिसला तरी काका भरल्या ताटावरून उठून ताडपत्री घेऊन धावत. शेवटी मुलीनेच झापलं, की बाबा, वस्तूंना तो शब्द लागत नाही, जीव लावलेलं माणूस लांब असावं लागतं. आठवडाभर वाडीत नुसता पंपच वाजला. मला वाटलं, सुटला एकदाचा नाद.

मुलीला तेव्हा आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण काकू आता हयात नव्हत्या आणि डॉक्टरांनी मुलीला प्रवासाची बंदी केली होती. विहीणबाईंना विनवायला हवं होतं, आणि ते मुलीच्याच तोंडून कसं वदवायचं?

त्या रविवारी फोन मी धरला. काकांनी चिठ्ठी काढली आणि अडखळत चिनीत वाचलं: मुलीची मला फार छ्येन-क्वा आहे, तिचं माहेर आता तुम्हीच व्हा. विहीणबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. मुलीला भाषांतराचं काम उरलंच नव्हतं, ती म्हणाली, "बाबा, असं मला कधी म्हणाला नाहीत तुम्ही."

"मराठीत लाज वाटते गो," काका म्हणाले.

तेवढ्यात अंगणात अवकाळी थेंब वाजू लागले. मी फोन काकांच्या हाती देऊन ताडपत्रीसाठी उठलो, तर काकांनी फोनवरची नजर न काढता माझं मनगट धरलं.

"भिजू दे," ते म्हणाले. "सुपारीला तो शब्द लागत नाही."