पुलावरची पंगत

प्रवासाला निघताना दशम्यांचा डबा बंद केला, की त्या उबदार वासाबरोबर मला बिडकीनच्या अलीकडचा तो पूल आठवतो.

पैठणला जाताना आमची गाडी त्या पुलावरच बंद पडली. साइडपट्टी नव्हतीच. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला भरधाव ट्रक. हे मेकॅनिक आणायला गेले. उतरत्या उन्हात गाडी आणि कठडा यांच्यामध्ये सावली पडली होती. मी तिथंच चादर अंथरून सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना वाढलं. ट्रक गेला की पूल थरथरायचा आणि मुलं खिदळायची. तेव्हा मला ती सहलच वाटली. आज त्या सावलीची रुंदी आठवते: जेमतेम मांडी घालण्यापुरती.

शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थबकला. "ओ बाई, उठा! गाडी बंद हाय हे मागच्याला काय कळतंय?"

"लेकरांना भरल्या ताटावरून उठवू नाय, बाबा," सासूबाई म्हणाल्या.

"मंग ताटासकट उठा की, माय!"

डबा तिथंच ठेवून, ताटं सांभाळत आम्ही पुलाच्या टोकाशी शेतात उतरलो. मुलांचं जेवण संपायच्या आत वर मोठा आवाज झाला. ट्रकनं गाडी कठड्यावर चेपली होती.

तेवढ्यात हे मेकॅनिकच्या मोटारसायकलवरून आले. रस्त्यावर दशम्या विखुरल्या होत्या. आम्ही खालून जीव तोडून हाका मारत होतो, पण त्यांना त्या ऐकूच गेल्या नाहीत. ते गाडी आणि कठड्यामधल्या फटीत वाकून मुलांना शोधत होते.