तीनशे शहाऐंशी सह्यांची एक हरकत

धोंडिराम खरात यांनी एकतीस वर्षे सरकारी नोकरी केली, आणि एवढ्या काळात त्यांचा एकही मसुदा वरून दुरुस्तीसाठी परत आला नाही, असे अंधेरीच्या कार्यालयातील त्यांच्या निरोपसमारंभात सांगितले गेले. त्यात अतिशयोक्ती असलीच तर थोडी असेल. माण तालुक्यातून भांडुपच्या कारखान्यात आलेल्या बापाचा हा मुलगा. बापाला पगारपत्रकावर अंगठा उठवावा लागे, त्यामुळे नीट लिहिलेल्या वाक्याविषयी खरातांच्या मनात जी भक्ती होती तिला घरचेच कारण होते. निवृत्तीनंतर उंबरवाडीतले लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. रेशनकार्डातले नाव असो की तुंबलेले गटार, खरात कागद पुढे ओढत आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करत. समोरच्या माणसाचा चेहरा तेवढ्यानेच अर्धा निवळत असे.

उंबरवाडी भांडुपच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर आहे. वाडीच्या पायथ्याशी अर्ध्या एकराची मोकळी जागा होती. विकास आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलेली होती. वाडी तिला नुसते ‘खालचं’ म्हणे. तीन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात सूचना आली, की हे आरक्षण बदलून तेथे बहुमजली वाहनतळ करण्याचे प्रस्तावित आहे. नागरिकांच्या हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी मागवल्या होत्या.

क्रीडामंडळाचा सचिव सुयोग रिक्षा चालवतो. ते कात्रण घेऊन तो खरातांच्या दारात उभा राहिला.

“काका, वाट लागली बघा. आता तुम्हीच काय ते करा.”

“आधी लोकांना लिहू दे,” खरात म्हणाले. “प्रत्येकाने आपापलं म्हणणं लिहून आणायचं. मग मी बघतो.”

रविवारी वाडीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात कागद जमा झाले. वहीची फाटकी पाने, पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठासुद्धा. खरात चष्मा पुसून वाचू लागले. एकाने लिहिले होते, की हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सपाट जागेवर चालायला सांगितले आहे, आणि उंबरवाडीत सपाट अशी तेवढीच जागा आहे. एका बाईने लिहिले होते, की शाळेची बस चढण चढत नाही, म्हणून चाळीस मुले खालच्या मैदानात उभी राहतात. उद्या ती रस्त्यावर उभी राहतील. उताराच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या द्रौपदी परब यांचा कागद सर्वांत लांब होता, आणि तो त्या बोलत तसाच, मालवणीत लिहिलेला होता: ‘डोंगराचा पाणी मैदानात येता आणि दोन दिवसांत थंयच मुरता. म्हणान आमचा घर सुका रवता. तुमी काँक्रीट घातलात तर ता पाणी जातला खंय? माझ्या चुलीत.’

खरातांना हसू आले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, मायाच होती.

“वहिनी, चूल कशाला आणलीत हो यात? आराखड्यात चूल नसते.”

“माझ्या घरात असता,” द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि सभागृह खदखदून हसले.

त्या रात्री खरातांनी एकच मसुदा केला. ‘सदर आरक्षण बदलास आमची तीव्र हरकत असून, प्रस्तावित वापरामुळे पर्यावरणाचा ऱ्हास होऊन परिसरातील सामाजिक स्वास्थ्यास बाधा पोहोचणार आहे.’ असे पाच परिच्छेद होते आणि त्यांत एकही शब्द वाकडा नव्हता. त्यांची मुलगी संघमित्रा महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिने तो वाचला.

“बाबा, परबकाकूंचं पाणी कुठे गेलं यात?”

“‘पर्यावरणाचा ऱ्हास’ म्हटलंय ना, त्यात आलं की सगळं.”

“त्यांचं तसंच राहू द्या ना. जोडा हवं तर.”

“अगं, तिथं गाऱ्हाणी वाचत नाहीत, मुद्दे वाचतात. मी आयुष्य काढलंय त्यात.”

मसुद्याच्या प्रती काढल्या गेल्या. सुयोग घरोघर फिरला आणि तीनशे शहाऐंशी कागदांवर तीनशे शहाऐंशी सह्या झाल्या. शिक्का मारलेली पोच घेऊन खरात परतले, तेव्हा वाडीने त्यांना चहा पाजला. खाली मुले खेळत होती. ती जागा आपण वाचवली, असे त्यांना त्या संध्याकाळी मनापासून वाटले.

सुनावणी चार महिन्यांनी झाली. अधिकारी बाई वयाने संघमित्राएवढ्याच, बोलायला मृदू. त्यांच्या टेबलावर समर्थनाची चौदा पत्रे सुटी मांडलेली होती. ती समोरच्या नव्या इमारतींतील रहिवाशांची होती आणि प्रत्येकाचे म्हणणे वेगळे होते. एकीने लिहिले होते, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यामुळे वडिलांची रुग्णवाहिका अकरा मिनिटे अडली. ते पत्र वाचून दाखवले जात असताना खरातांनाही मनातून कबूल करावे लागले, की बाई खोटे बोलत नाही.

मग अधिकाऱ्यांनी बाजूचा गठ्ठा जवळ घेतला. तो दोऱ्याने बांधलेला होता.

“एकसमान मजकुराच्या तीनशे शहाऐंशी प्रती आहेत. ही एक हरकत म्हणून नोंदवली आहे. बोलणार कोण?”

खरात उठले, पण त्यांचे लक्ष त्या दोऱ्यावर खिळले होते. एकतीस वर्षांत असे गठ्ठे त्यांनी स्वतः किती बांधले असतील! मजकूर तोच दिसला की वरची एक प्रत वाचायची, बाकीची मोजायची, नोंदवहीत एक ओळ लिहायची आणि दोरा आवळायचा. हे त्यांच्याइतके पक्के वाडीत दुसऱ्या कोणाला माहीत असणार? आणि नेमके त्यांनाच ते आठवले नव्हते. सुंदर मसुद्याच्या समाधानात माणसाला आपलाच हात दिसेनासा होतो.

ते पाच परिच्छेद बोलले. द्रौपदीबाईंना राहवले नाही.

“बाईनू, पाण्याचा सांगूचा रवला. डोंगराचा पाणी थंय मुरता. दोन दिवस लागतत.”

अधिकाऱ्यांनी मान वर केली. “पाणी नेमकं कुठून उतरतं? हे लेखी दिलंय का तुम्ही?” त्यांनी वरची प्रत पुन्हा वाचली. “इथे फक्त ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ आहे. दोन दिवस पाणी थांबतं एवढं एका जरी कागदावर असतं, तर मी जागेवर अभियंता पाठवला असता. आता मुदत संपली. नोंदीबाहेरचं मला घेता येत नाही.”

द्रौपदीबाईंनी खरातांकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर त्यांना सोसले असते. त्या मात्र, आता भावजी काहीतरी बोलतील, या भरवशाने पाहत होत्या. खरात खाली बसले.

आदेशात त्यांच्या वाट्याला दीड ओळ आली: हरकत सर्वसाधारण स्वरूपाची असल्याने ग्राह्य धरता येत नाही. सुयोगने ती वाचली आणि “जाऊ द्या काका, ते ठरवूनच बसले होते” असे म्हणून विषय मिटवला. वाडीतही कोणी शब्दाने दुखवले नाही. खरातांना मात्र ‘ठरवूनच बसले होते’ या वाक्याचा आधार घेता येईना, कारण अभियंता पाठवण्याची गोष्ट त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. कदाचित अभियंता आला असता आणि वाहनतळ झालाच असता. मात्र पाणी जायला वाट ठेवून झाला असता. या ‘कदाचित’पाशी ते पुढची दोन वर्षे थांबून राहिले. तेवढ्यात खाली वाहनतळ उभा राहिला, आणि सकाळचे फिरणे त्यांनी वरच्या रस्त्यावर नेले.

गेल्या जुलैत उताराच्या शेवटच्या चार घरांत पाणी शिरले. तिसऱ्या दिवशी द्रौपदीबाई आल्या. पायांना अजून चिखल होता.

“भावजी, वॉर्डात अर्ज देवचो आसा. लिवा.”

खरातांनी कोरा कागद घेतला. “तुम्ही सांगा, वहिनी. तुम्ही बोलाल तसंच लिहितो. एक अक्षर बदलणार नाही.”

“मी बोलतंय तसा?” त्या दचकल्या. “आणि ता कोण वाचतलो? माका काय लिवक येता? मागच्या टायमाक चूल लिवलंय, तर सगळी हसली. नको बाबा.”

“तेव्हा माझं चुकलं होतं. पाणी कुठून आलं, किती चढलं, ते तुमच्याच बोलीत सांगा.”

“नको म्हणतंय ना!” त्यांचा आवाज चढला. “चांगल्या भाषेत लिवा, तुमी लिवतास तसा. आधी ‘सदर’ घाला. मगे बाकीचा.”

खरातांनी बराच वेळ समजावले. त्या ऐकेनात. शेवटी त्या पदर खोचून समोर बसल्या, आणि कागदावर ‘सदर’ उमटलेले दिसल्यावरच पुढचे सांगू लागल्या.