आतून-बाहेरून पुसलेला स्विच

आमच्या घरात जुनी वस्तू आली की आधी धुतली जाते. गुरुग्रामच्या या सोसायटीत लोकांची बदली झाली की ते फर्निचर, सायकली, पाळणे विकून मोकळे होतात, आणि आमचा निम्मा संसार त्यातूनच उभा राहिलाय. लेकीचा पाळणा बाल्कनीत गरम पाण्याने धुतला, पुस्तकांचं कपाट फिनेलने पुसलं. नवरा म्हणतो, दुसऱ्याचं वापरायला हरकत नाही, पण दुसऱ्याचा हात त्यावर राहायला नको. सवय पुण्याची आहे. इथली धूळ बघता ती सोडायचं काही कारण नव्हतं.

नेटवर्कचा स्विचही मी जुनाच आणला. स्विच म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी लोखंडी पेटी. लेक होईपर्यंत मी याच पेट्या चालवायची नोकरी करत होते. मग ‘थोडे दिवस घरी’ म्हणता म्हणता लेक शाळेत जाऊन हिंदीत भांडायला लागली. आता एका मोठ्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. मशीनसमोर बसवून काम करून घेणार होते आणि माझ्या हातातली सवय पार गेलेली. मला पुन्हा इंजिनिअर व्हायचं होतं, बस्स. नवी पेटी आवाक्याबाहेरची, म्हणून दिल्लीतला जुन्या कॉम्प्युटरचा बाजार, नेहरू प्लेस गाठलं.

“मॅडम, एक कंपनी बंद हुई, सीधा वहीं से उठाया है. लाइसेंस भी अंदर है,” दुकानदार म्हणाला. लायसन्स म्हणजे पेटीतली खास कामं उघडणारी परवान्याची फाइल. त्याने लावून दाखवला. खरंच सगळं चालत होतं, मुलाखतीत विचारणार होते तेसुद्धा. मेट्रोत मांडीवर घेऊन आले, लेकरासारखा.

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडून परत आले तर नवरा टेबलापाशी, चेहरा अगदी खुललेला. तो मोबाइलची ॲप्स बनवतो. पेट्यांचं त्याला फारसं कळत नाही, पण घरातलं स्वच्छता खातं त्याच्याकडे. जाळीतली धूळ त्याने ब्रशने काढली होती, वरून ओलं फडकं मारलं होतं.

“आतूनही बिल्कुल नवा करून दिलाय तुला,” तो म्हणाला. “त्या लोकांचे पासवर्ड, सेटिंग, काय काय पडलं होतं! सगळी मेमरी फॉरमॅट केली.”

“आणि लायसन्सची फाइल?”

“ती कुठली?”

डोक्यात तिडीक गेली. “अरे, निदान विचारायचं तरी!” मी ओरडले. तो नुसता “यार...” म्हणाला आणि हातातल्या फडक्याची घडी घालत बसला. त्याच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडाने? पाळणा धुताना बादल्या मीच भरून देत होते.

पेटी सुरू व्हायची, हिरवे दिवे लागायचे, साधी कामं करायची. मला हवं होतं तेवढंच नेमकं बंद. स्विच बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलणारी होती. “मॅडम, हार्डवेअर आपका है. सॉफ्टवेअर पहले मालिक के नाम पर था, वो ट्रांसफर नहीं होता.” पहिल्या मालकाने अर्ज केला तर बघू, म्हणाली. पहिला मालक तर गाशा गुंडाळून गेलेला. नवीन लायसन्स विकत द्या म्हटलं, तर बाजारातून घेतलेल्या पेटीला देत नाही.

“तो मैंने खरीदा क्या?”

“हार्डवेअर, मॅडम.”

“उद्या मी फ्रिज विकला तर गारवा माझ्याकडे ठेवून घेऊ का?” हे मी रागाच्या भरात मराठीतच विचारलं. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मग कागदावर आकृत्या काढून अभ्यास केला. मुलाखतीत मशीनसमोर बसवलं आणि बोटं अडली. नंतर त्यांनी विचारलं, सराव कसा केलात? मी सगळं रामायण सांगितलं, कलमांसकट. तोवर चिडून चिडून लायसन्सचा अख्खा करारनामा मला पाठ झाला होता. समोरची मंडळी पोट धरून हसली.

इंजिनिअरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मला लायसन्स हेल्पडेस्कवर घेतलं. ही कंपनी अशा पेट्या बनवणाऱ्यांच्या वतीने गिऱ्हाइकांचे फोन घेते, आणि नियम तुम्हाला आमच्या लोकांपेक्षा चांगले येतात, असं म्हणाले. नवऱ्याने पेढे आणले. मी खाल्ले, आणि मला वाईट वाटतंय हेही त्याला सांगितलं.

आता ते वाक्य मी म्हणते. हार्डवेअर आपका है. लोक ओरडतात, मी ऐकून घेते. सवय होते.

परवा फरीदाबादहून एका बाईचा फोन आला. जुना स्विच घेतलेला, हवं ते चालत नव्हतं. हिंदीत सांगता सांगता घरात कुणाला तरी म्हणाली, “थांब गं जरा, बोलतेय ना मी!” मी म्हटलं, मराठीत बोला. तिला इतका आनंद झाला की तिने सगळंच सांगून टाकलं. दोन मुली झाल्या, नोकरी सुटली, आता परत जायचंय, सोमवारी मुलाखत आहे. कंपनीचं नाव सांगितलं, ते आमच्याच.

“आतलं काही पुसलं नाहीत ना?” मी घाईने विचारलं. हे आमच्या ठरलेल्या प्रश्नांत नाही.

“अहो, पुसला ना! दुसऱ्याचा होता. आणल्या आणल्या आधी स्वच्छ करून घेतला, आतून-बाहेरून.”

पडद्यावरचं वाक्य मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “आता सोमवारी काय करू हो, ताई?”

“जा. येईल तेवढं करा. फक्त सराव कसा केलात असं विचारलं, तर ही लायसन्सची गोष्ट सांगू नका.”

“का हो?”

“माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.”